सेट ठणठणीत, तरी बोलणं कळत नाही: वॉकीटॉकीवरच्या आवाजाचा दर्जा मोजायचा कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तुमच्या प्रथमोपचार पथकाकडे परवान्याचे यूएचएफ ॲनालॉग वॉकीटॉकी आहेत. यंदाच्या विसर्जन मिरवणुकीआधी डिजिटल, म्हणजे डीएमआर सेट घ्यायचा विचार आहे. नमुन्याचे दोन सेट ऑफिसात खणखणीत वाजले. तेच ढोल-पथकाच्या सरावाजवळ नेले, तर समोरचा काय बोलतोय ते कळेना. विक्रेत्याने सायनॅड (ॲनालॉग सेटचा आवाज किती स्वच्छ आहे त्याचं माप) आणि बीईआर (डिजिटल सेटचे किती बिट चुकतात त्याचं माप), दोन्हीचे रिपोर्ट दाखवले आणि दोन्ही उत्तम होते. तुम्ही विचारताय की मग आवाजाचा दर्जा मोजायचा कशाने, पेस्कसारखं आवाजाला गुण देणारं सॉफ्टवेअर चालेल का, आणि ॲनालॉग-डिजिटलची तुलना एका आकड्यात होईल का.

भोसरीत सेट दुरुस्तीच्या आणि तपासणीच्या टेबलावर माझी सत्तावीस वर्षं गेली आहेत. त्यातून सांगते: तुलना एका आकड्यात होईल, पण तो आकडा कुठलंही यंत्र देणार नाही. शंभर शब्द पाठवले तर पलीकडच्याला किती बरोबर कळले, हा तो आकडा. तो माणसांच्या कानांनी, तुमच्याच गोंगाटात, मराठी शब्दांवर काढायचा असतो. सायनॅड, बीईआर, पेस्क ही सगळी मोजमापं लागतातच, पण आकडा कमी आला तर दोष कुठे आहे हे शोधायला.

आधी सायनॅड. ॲनालॉग सेटच्या रिसीव्हरला सिग्नल जनरेटरवरून १ किलोहर्ट्‌झच्या शिट्टीने मॉड्युलेट केलेला, म्हणजे लहरीवर ती शिट्टी चढवलेला सिग्नल देतात. स्पीकरवर जे येतं त्यात शिट्टी, खरखर आणि फाटलेपणा असं सगळं मिसळलेलं असतं. त्या एकूण आवाजाला शिट्टी गाळून उरलेल्या आवाजाने भागलं की सायनॅड मिळतो. किती कमकुवत सिग्नलवर हा १२ डीबी येतो, ती सेटची संवेदनशीलता. माहितीपत्रकात ०.२५ मायक्रोव्होल्ट असं जे लिहिलेलं असतं ते हेच, म्हणजे ५० ओमवर −११९ डीबीएम (डीबीएम म्हणजे एक मिलिवॉटच्या तुलनेत सिग्नलची ताकद).

१२ डीबीला बोलणं चांगलं ऐकू येतं, असा पुष्कळांचा समज असतो. तसं नाही. अमेरिकेतल्या टीआयए या दूरसंचार उद्योगाच्या संस्थेच्या टीएसबी-८८ या मार्गदर्शक पुस्तिकेत डीएक्यू नावाची १ ते ५ ची पट्टी आहे. कानावर पडलेलं बोलणं किती कष्टाने समजतं आणि किती वेळा ‘पुन्हा सांगा’ म्हणावं लागतं, यावर ती बेतलेली आहे. त्या पट्टीवर १२ डीबी सायनॅड साधारण २ ला बसतो: बोलणं कळतं, पण बरेच कष्ट पडतात आणि वारंवार पुन्हा विचारावं लागतं. आपत्कालीन कामाला जी ३.४ ची पातळी धरतात, जिथे क्वचितच पुन्हा विचारावं लागतं, तिला २० डीबीच्या आसपास लागतो. माहितीपत्रकातला तो आकडा म्हणजे सेट जेमतेम तग धरतो ती जागा.

रिपोर्ट वाचताना आणखी दोन गोष्टी बघा. डेव्हिएशन, म्हणजे आवाजाने लहरीची वारंवारता किती सरकते ते, किती ठेवलं होतं? १२.५ किलोहर्ट्‌झच्या चॅनलला कमाल २.५ किलोहर्ट्‌झ, आणि चाचणीची शिट्टी त्याच्या ६० टक्क्यांवर, म्हणजे १.५ किलोहर्ट्‌झवर हवी. आणि कानाच्या संवेदनशीलतेप्रमाणे आवाज तोलणारा फिल्टर लावला होता का? एका रिपोर्टला लावलाय आणि दुसऱ्याला नाही, तर ते दोन आकडे शेजारी ठेवण्यात अर्थ नाही. स्वतः मोजणार असाल तर एक सावधगिरी. पुष्कळ हँडसेटमध्ये स्पीकरच्या दोन्ही तारा चालू असतात, त्यातली एकही ग्राउंड नसते. मीटरचं किंवा लॅपटॉपचं ग्राउंडवालं टोक तिथे लावलं की ॲम्प्लिफायर शॉर्ट होतो. माझ्याकडे असे जळालेले सेट दर वर्षी येतात. मध्ये छोटा ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला.

आता तुमच्या खऱ्या दुखण्याकडे येते.

ॲनालॉग सेट माइकपुढचा आवाज जसाच्या तसा लहरीवर चढवतो. त्यात ढोल असेल तर ढोल, माणूस असेल तर माणूस. डिजिटल सेट आवाज पाठवतच नाही. पुरणपोळी डब्यात घालून पाठवण्याऐवजी तिची कृती लिहून पाठवावी आणि पलीकडच्याने त्यावरून आपल्या तव्यावर नवी पोळी करावी, तसं त्याचं काम चालतं. डीएमआरमध्ये हे काम एएमबीई+२ नावाचा व्होकोडर करतो. दर २० मिलिसेकंदांच्या आवाजाला तो फक्त ४९ बिट देतो. आवाजाची पट्टी कोणती, कुठल्या भागात गळ्याचा नाद आहे आणि कुठे नुसता वाऱ्याचा सरसराट, कुठे जोर किती, एवढंच त्यात मावतं. त्याचे सेकंदाला २४५० बिट होतात. चुका दुरुस्त करण्यासाठी आणखी ११५० जोडून ३६०० बिट हवेत जातात.

ही कृती लिहिताना व्होकोडरने एक गोष्ट गृहीत धरलेली असते: समोर एकच गळा आहे. ऑफिसात ते खरं असतं. ढोल-ताशापुढे नसतं. ढोलाचा खालचा ठोका गळ्याच्या पट्टीच्या अंदाजात घुसतो. ताशाचा तडतडाट नाद आणि सरसराट यांची वाटणी बिघडवतो. व्होकोडर ४९ बिटांत माणूस आणि ताशा दोघांना कोंबायला जातो आणि धड एकालाही न्याय मिळत नाही. पलीकडे जे ऐकू येतं त्याला आमचे लोक ‘पाण्यातून बोलल्यासारखं’ म्हणतात. अगदी नेमकं वर्णन आहे ते.

म्हणून तुमचा बीईआर उत्तम आहे. बीईआर सांगतो की पाठवलेल्या बिटांपैकी किती चुकीचे पोचले. तुमच्या बाबतीत कृती अक्षरही न चुकता पोचली, ती लिहितानाच चुकली होती. विक्रेता खोटं बोलत नाहीये. त्याने दिलेला आकडा फक्त अँटेना ते अँटेना एवढ्या प्रवासाचा आहे. तुमचं नुकसान त्याआधीच, तोंड ते माइक ते व्होकोडर या वीतभर अंतरात झालं.

हे केवळ तुमच्याच वाट्याला आलेलं नाही. अमेरिकेतल्या अग्निशमन दलांनी डिजिटल सेट घेतल्यावर अशाच तक्रारी केल्या. मग तिथल्या एनटीआयए या सरकारी संस्थेच्या बोल्डर इथल्या प्रयोगशाळेने २००८ साली कानांच्या चाचण्या घेतल्या. साखळी-करवत, पाण्याच्या नळीचा फवारा, संकटाची कर्कश सूचना देणारं यंत्र असे गोंगाट मागे लावून, तोंडावर श्वसनाचा मास्क ठेवून आणि न ठेवता, ॲनालॉग आणि डिजिटल सेटवरचे शब्द श्रोत्यांना ऐकवले. काही गोंगाटांत ॲनालॉग सरळ पुढे होता, आणि काही इतके वाईट होते की कुठल्याच सेटवर काही कळलं नाही. माझ्या मते या क्षेत्रातली ती सर्वांत उपयोगाची चाचणी आहे, कारण तिने शब्द कळला की नाही एवढंच विचारलं.

डिजिटल सेट वाईट, असा याचा अर्थ घेऊ नका. बोलणारा शांत जागी आणि सिग्नल काठावरचा असेल, तर डीएमआर ॲनालॉगला मागे टाकतो. खरखर नाही, आवाज एकसारखा. फक्त त्याचा काठ कड्यासारखा असतो. ॲनालॉगमध्ये खरखर वाढत जाते आणि माणसाला आपण काठावर आलोय हे कानाने कळतं, दोन पावलं मागे येता येतं. डिजिटलमध्ये चूक-दुरुस्ती शेवटपर्यंत सावरून धरते आणि मग थोडक्या अंतरात आवाज तुटून बंद पडतो. डीएमआरची संवेदनशीलता सहसा ५ टक्के बीईआरला सांगतात. त्या जागी उभं राहून बोलणं ऐका, म्हणजे माहितीपत्रक आणि कान यांतलं अंतर समजेल. पी२५ या अमेरिकी डिजिटल प्रणालीच्या पहिल्या पिढीसाठी (फेज १) टीएसबी-८८ मध्ये ३.४ च्या दर्जाला २ टक्के बीईआर धरलेला आहे. डीएमआरचा व्होकोडर वेगळा आहे, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा उचलू नका, पण ५ टक्के म्हणजे आरामात काम चालतं, असं धरून सेट कुठवर पोचतील याचे नकाशे काढू नयेत.

जाता जाता: डिजिटल सेटवर सायनॅड मोजून दाखवणारे रिपोर्टही मी पाहिले आहेत. ते बाजूला ठेवा. व्होकोडर शिट्टीकडे बोलण्यासारखं बघत नाही, त्यामुळे शिट्टी किती स्वच्छ आली यावरून बोलणं किती कळेल ते ठरत नाही.

पेस्कबद्दल विचारलंत. ही आयटीयूची, म्हणजे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची, २००१ मध्ये आलेली पी.८६२ शिफारस. मूळ रेकॉर्डिंग आणि पलीकडे निघालेलं रेकॉर्डिंग शेजारी ठेवून, माणूस त्याला पाचपैकी किती गुण देईल याचा अंदाज ते बांधतं. टेलिफोनसाठी उत्तम होतं. पण सेकंदाला ४ किलोबिटच्या खालच्या कोडेकसाठी (आवाज बिटांत बसवणाऱ्या पद्धतींसाठी) ते पडताळलेलं नाही, असं त्याच शिफारशीत नमूद आहे, आणि तुमचा व्होकोडर २४५० बिटांवर चालतो. शिवाय पेस्क दोन्ही रेकॉर्डिंगची पातळी आधी सारखी करून घेतं, त्यामुळे सेट पुटपुटल्यासारखा हळू वाजत असेल तरी गुण कापत नाही. आवाज उशिरा पोचला तरी कापत नाही. नंतर २०११ मध्ये आलेलं पोल्का, म्हणजे पी.८६३, पातळीकडे लक्ष देतं, पण त्याला परवाना विकत घ्यावा लागतो. गुगलचं व्हिस्कॉल मोफत आहे.

यातलं काहीही वापरा, पण ॲनालॉग विरुद्ध डिजिटल असा निकाल त्यावर लावू नका. ॲनालॉगची खरखर आणि व्होकोडरचं घडवलेलं बोलणं हे दोन वेगळ्या जातीचे बिघाड आहेत. सॉफ्टवेअर त्यांना एका तराजूत घालतं, पण काटा कुणाकडे झुकवायचा हे त्याला अशा नमुन्यांवरून शिकवलेलं नसतं. एकाच मॉडेलच्या दोन सेटमध्ये, किंवा एकाच सेटच्या दोन माइकमध्ये तुलना करायची असेल तर मात्र पेस्क छान काम करतं. मी त्यासाठी रोज वापरते: जुन्या फर्मवेअरला अमुक गुण, नव्याला तमुक, काही बिघडलं तर दहा मिनिटांत कळतं. रेकॉर्डिंग आठ ते बारा सेकंदांचं ठेवा, त्यात दोन वाक्यं आणि मध्ये शांतता असू द्या. पुरुषाचा आणि बाईचा, दोन्ही आवाज घ्या. बायकांचा आवाज चाचणीत गाळला जातो हे मी वर्षानुवर्षं बघत आलेय. तुमच्या पथकात निम्म्या मुली असतील तर निम्मी वाक्यं त्यांच्याच तोंडची हवीत.

आता शब्दांची चाचणी. इंग्रजीत यासाठी एमआरटी नावाची जुनी, पक्की पद्धत आहे. सहा-सहा सारख्या वाजणाऱ्या शब्दांचे पन्नास गट, म्हणजे तीनशे शब्द. श्रोत्याला सहा शब्द समोर दिसतात, ऐकू एकच येतो, आणि त्यावर खूण करायची. अर्ध्या गटांत पहिलं व्यंजन बदलतं, अर्ध्यांत शेवटचं. एनटीआयएमधल्याच एका संशोधकाने ही चाचणी माणसांशिवाय संगणकावर करायची पद्धतही बसवली आहे, पण तिचे शब्द इंग्रजी. आपल्या ‘ळ’ला, ‘ठ’ला, ‘भ’ला तिथे जागाच नाही.

मराठी याद्या घरी बसून होतात. गाडी, काडी, वाडी, माडी, साडी, नाडी. गोळा, डोळा, पोळा, सोळा, तोळा, बोळा. शेवटच्या व्यंजनासाठी पाट, पाठ, पान, पाप, पाय, पार. काल, काळ, कान, काम, काठ, कात. आणि हा गट कुठल्याही परिस्थितीत सोडू नका: सात, साठ, साप, साफ, साल, साद.

या शेवटच्या गटामागे एक प्रसंग आहे. काही वर्षांपूर्वी चाकणच्या बाजूच्या एका कारखान्यात नवे डिजिटल सेट बसवले होते. शिफ्टच्या मध्यात ‘सात नंबर बंद करा’ असा निरोप गेला आणि पलीकडच्या माणसाने साठ नंबरचा व्हॉल्व्ह बंद केला. कुणाला इजा झाली नाही, पण लाइन अर्धा दिवस थांबली आणि त्या माणसाला बोलणी खावी लागली. मला बोलावलं तेव्हा सेट, रिपीटर (सिग्नल घेऊन पुढे पाठवणारं यंत्र), बीईआर सगळं चोख होतं. मी तिथल्याच कंप्रेसरच्या आवाजात पंचवीस वेळा ‘सात’ आणि पंचवीस वेळा ‘साठ’ उलटसुलट क्रमाने बोलून रेकॉर्ड केलं आणि त्याच शिफ्टच्या लोकांना ऐकवलं. ते जवळजवळ नाणं उडवल्यासारखं उत्तर देत होते. त्या माणसाची काही चूक नव्हती, हे व्यवस्थापकासमोर सिद्ध झालं, याचं मला आजही समाधान आहे.

असं का होतं ते बघा. ‘सात’ आणि ‘साठ’ यांत ‘सा’ एकच. फरक शेवटी जीभ दाताला लागते की मागे टाळूला, आणि श्वास किती सुटतो, यात आहे. कानाला तो कळतो ‘आ’च्या शेवटाला होणाऱ्या छोट्या वळणातून आणि जीभ सुटतानाच्या काही मिलिसेकंदांच्या स्फोटातून. या खुणांचा मोठा भाग २ किलोहर्ट्‌झच्या वर असतो. सेटचा आवाज साधारण ३०० ते ३००० हर्ट्‌झपर्यंतच जातो, अरुंद चॅनलला त्याहून थोडा कमी. म्हणजे खुणेचा वरचा भाग दोन्ही प्रकारच्या सेटमध्ये कापला जातो. उरलेला भाग डिजिटलमध्ये २० मिलिसेकंदांच्या चौकटीत सरासरीत विरतो, त्यावर गोंगाट बसतो. ‘स’ तर बहुतेक ४ किलोहर्ट्‌झच्या वरच राहतो. तो आपण संदर्भाने ओळखतो, कानाने नाही.

मराठी आकड्यांची आणखी एक अडचण म्हणजे सदुसष्ट-अडुसष्ट, सत्तावन्न-अठ्ठावन्न, एकोणसाठ-एकोणसत्तर असे जोडीने सारखे वाजणारे शब्द. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’साठी ‘वीस एक’ आलं तेव्हा राज्यभर वाद झाला. शाळेचं शाळेत. रेडिओवर मात्र अंक सुटे म्हणा: सदुसष्टला ‘सहा, सात’. आणि साठ म्हणायचं असेल तर ‘सहा, शून्य’. त्या कारखान्यात शेवटी हाच नियम लावला आणि गोंधळ थांबला.

चाचणी कशी घ्यायची ते सांगते. प्रत्येक शब्द एका ठरावीक वाक्यात बसवा, ‘खूण करा, गाडी, या शब्दावर’ असं. नुसता शब्द पाठवला तर तो बटण दाबल्यानंतरच्या पहिल्या क्षणात सापडतो, आणि तो क्षण वेगळाच मोजायचा असतो. शब्द एकदाच शांत खोलीत रेकॉर्ड करा. मग छोट्या स्पीकरमधून सेटच्या माइकपुढे वाजवा आणि दुसऱ्या मोठ्या स्पीकरवर ढोल-ताशा लावा. कृत्रिम तोंड नावाचं यंत्र मिळतं. त्यात ओठांपासून २५ मिलिमीटरवर ८९.३ डीबी ही प्रमाण पातळी धरतात. तुमच्याकडे ते नसेल तर ध्वनिपातळी मोजायचा मीटर घ्या आणि दर वेळी तीच पातळी, तेच अंतर ठेवा. दोन्ही सेटला तंतोतंत सारखं मिळालं पाहिजे, हे सर्वांत महत्त्वाचं.

पलीकडच्या सेटमधून निघालेला आवाज रेकॉर्ड करून श्रोत्यांना द्या. श्रोते रेडिओवाले नकोत. आमचे कान खरखरीला सरावलेले असतात, आम्हाला जास्त कळतं. दहा जण पुरतील. अंदाजपंचे मारलेल्या खुणा वजा करायच्या: सहा पर्यायांत बरोबर उत्तरांतून चुकीच्यांचा पाचवा भाग काढा. साठ शब्दांपैकी ५० बरोबर, १० चूक, तर ५० वजा २, म्हणजे ४८, म्हणजे ८० टक्के. एकाच श्रोत्याचे साठ शब्द म्हणजे दोन्ही बाजूंना दहा-एक टक्क्यांची अनिश्चितता असते. दहा श्रोत्यांचे सहाशे झाले की ती तीनच्या आसपास येते. दोन सेटमध्ये पाच टक्क्यांहून कमी फरक आला तर मी तो फरक मानत नाही.

गोंगाट कुठल्या बाजूला आहे, हे वेगवेगळं तपासा. बोलणारा मिरवणुकीत आणि ऐकणारा रुग्णवाहिकेत, ही एक चाचणी. नियंत्रण कक्षातून बोललेलं मिरवणुकीतल्या मुलाला ऐकू येणं, ही दुसरी. पहिलीत व्होकोडरची परीक्षा असते, दुसरीत स्पीकरच्या जोराची. पहिलीत हरलेला डिजिटल सेट दुसरीत जिंकताना मी अनेकदा पाहिला आहे.

बटण दाबल्यावरचा पहिला क्षणही मोजून घ्या. डीएमआरमध्ये तीन चौकटी, म्हणजे ६० मिलिसेकंदांचं बोलणं गोळा झाल्यावर एक हप्ता हवेत जातो. पुढे रिपीटर जागा होतो, पलीकडचा सेट जुळवून घेतो. तोवर घाईत बोललेलं पहिलं अक्षर जातं. ‘नको उचलू’मधला ‘नको’ गेला तर काय होईल, हे प्रथमोपचारवाल्यांना मी सांगायला नको. मोजणं सोपं आहे: लॅपटॉपच्या एका चॅनलवर बोलणाऱ्याचा माइक, दुसऱ्यावर पलीकडच्या सेटचा आवाज. ‘एक, दोन, तीन, चार’ बोलत बटण दाबा आणि दोन्ही लहरी पडद्यावर शेजारी बघा. किती गिळलं आणि किती उशीर झाला, दोन्ही दिसतं.

सिग्नलचा काठ टेबलावर तपासताना एक फसगत हमखास होते. ४ वॅटचा सेट म्हणजे ३६ डीबीएम. रिसीव्हरला −११६ डीबीएम द्यायचा तर मध्ये १५२ डीबीची घट हवी. तेवढे ॲटेन्युएटर जोडून दोन्ही सेट एकाच टेबलावर ठेवले, तर केबलऐवजी सेटच्या अंगातून गळणारा सिग्नलच पलीकडे पोचतो आणि सगळे निकाल छान दिसतात. रिसीव्हर धातूच्या बंद डब्यात ठेवा, किंवा काठाची चाचणी थेट रस्त्यावर करा. रस्त्यावर एका जागी उभं राहून निर्णय घेऊ नका. पुण्याच्या पेठांतल्या वाड्यांमध्ये आणि उंच इमारतींमध्ये सिग्नल हातभर अंतरावर चढतो-उतरतो. साधारण चाळीस तरंगलांबी चालून सरासरी घ्यायची असते. ४५० मेगाहर्ट्‌झला एक तरंगलांबी ६७ सेंटिमीटर, म्हणजे २७ मीटर चालत बोलायचं. लक्ष्मी रस्त्यावर, अलका चौकात, लकडी पुलाच्या दोन्ही टोकांना असे टप्पे पाडा. सेट हातात धरून आणि कमरेला लावून, दोन्ही प्रकारे.

आता तुमच्या पैशांबद्दल. सेट बदलण्याआधी माइक बदलून बघा. तोंडापासून माइकचं अंतर ५ सेंटिमीटरवरून २० झालं की बोलण्याची पातळी जवळपास १२ डीबीने उतरते, ढोलाची मात्र तेवढीच राहते. एवढा फरक दोन कंपन्यांच्या सेटमध्ये मला क्वचितच दिसलाय. खांद्याला लावलेल्या माइककडे मान वळवून ओरडणारी मुलं मी दर मिरवणुकीत बघते. ओरडल्याने ॲनालॉगचा लिमिटर आवाज कापतो आणि डिजिटलचा व्होकोडर फाटलेल्या आवाजाची कृती लिहितो. माइक हातात घेऊन, ओठांपासून तीन-चार बोटांवर, किंचित तिरपा धरून, नेहमीच्या जोराने बोलायचं. गोंगाट कापणारा हातमाइक भाड्याने मिळाला तर तोही चाचणीत घ्या. ॲनालॉग सेट साध्या माइकने, ॲनालॉग चांगल्या माइकने, डिजिटल साध्या, डिजिटल चांगल्या, अशा चार नोंदी झाल्या की काय विकत घ्यायचं ते समोर दिसेल. माझा अंदाज आहे की दुसरी आणि चौथी नोंद जवळजवळ येतील आणि पहिली-तिसरी बरीच खाली असतील. तसं झालं तर जुने सेट ठेवा आणि माइक घ्या.

गोंगाटाचं रेकॉर्डिंग इंटरनेटवरून उचलू नका. त्यात ढोलाचा खालचा ठोका दबलेला असतो आणि व्होकोडरला खरा त्रास त्याचाच होतो. नदीपात्रात पथकांचे सराव सुरू आहेत. संध्याकाळी सातनंतर जा, परवानगी विचारा, ती सहसा आनंदाने देतात. माइक मुलांच्या छातीच्या उंचीवर, ढोलांच्या रांगेपासून दहा पावलांवर ठेवा आणि रेकॉर्डरची पातळी आधी एकदा मोठ्या ठोक्यावर लावून घ्या, म्हणजे रेकॉर्डिंग फाटणार नाही. शेजारी मीटरवर किती डीबी दिसले ते वहीत टिपून ठेवा, कारण खोलीत तोच आवाज तेवढ्याच पातळीवर वाजवायचाय. शब्दांच्या याद्या तयार झाल्या की इथे टाका. गटांमध्ये अवघड-सोपं नीट वाटलं गेलंय का, ते मी बघून देईन.